एक नाव, दोन झाडं

लातूरच्या आमच्या जुन्या घराच्या चौकटीला एक कोरफड कायम उलटी टांगलेली असायची. मुळं वर, पानं खाली. ना माती, ना पाणी. तरी ती महिनोन्‌महिने जिवंत. घराला दृष्ट लागू नये म्हणून आजी ती बांधायची. आता नांदेडला माझ्या दारातही एक आहे. परवा नात म्हणाली, "आजोबा, हे ॲलोव्हेरा उलटं का टांगलंय?" मी म्हटलं, "बाळा, ती कोरफड आहे." ती म्हणाली, "तेच ते!"

तेच ते, हे खरं. पण नावांच्या बाबतीत 'तेच ते' म्हणून मी एकदा मोठी चूक करून बसलो आहे.

1976 सालची गोष्ट. थोरली बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळंतपण सुखरूप झालं. नंतर वैद्यांनी हिराबोळ आणायला सांगितला. मी बाजारात गेलो आणि नुसताच 'बोळ' मागितला. दुकानदारानं काळसर, तकतकीत खडे पुडीत बांधून दिले. घरात कुणी पारखून पाहिलं नाही, उगाळून दिले. रात्रभर बहिणीच्या पोटात कळा आणि जुलाब. सकाळी वैद्यांनी एक खडा जिभेला लावला आणि कपाळाला हात मारला. "अरे, हा काळा बोळ! कोरफडीचा चीक आटवून करतात. जुलाबाचं औषध आहे हे." हिराबोळ म्हणजे अरबस्तान आणि आफ्रिकेकडच्या एका काटेरी झाडाचा सुगंधी डिंक. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. फक्त आडनाव एक. बहीण चार दिवस अंथरुणाला खिळून होती. दुकानदाराला काय बोलणार? अर्धं नाव मीच सांगितलं होतं.

पुढं भाषेचा मास्तर झालो, शब्दकोश चाळायची सवय लागली, तेव्हा कळलं की मी केला तोच घोटाळा जगानं फार पूर्वी करून ठेवला आहे. आणि तोही याच वनस्पतीच्या बाबतीत.

ग्रीक भाषेत 'ॲलोई' म्हणजे कडू रसाची, जाड पानांची, औषधी वनस्पती. म्हणजे आपली कोरफड आणि तिची भावंडं. तिकडे हिब्रू धर्मग्रंथांत 'अहालीम' नावाचं एक सुगंधी लाकूड येतं. ते कोरफडीचं नव्हे, अगरूचं. आसाम आणि त्यापलीकडच्या जंगलांत होणाऱ्या या झाडाच्या खोडाला बुरशी लागली, की आत सुगंधी राळ साठते. संस्कृतात अगरू किंवा अगुरू, तमिळमध्ये अकिल. आणि हिब्रू शब्दाचं मूळही बहुधा आपल्याकडच्याच, द्राविडी भाषेत असावं, असं अभ्यासक मानतात. लाकडाबरोबर शब्दही परदेशी गेला. 'अहालीम'चं ग्रीक भाषांतर करताना कानाला जवळचा वाटला म्हणून 'ॲलोई' शब्द वापरला गेला आणि तेव्हापासून कडू झाड व सुगंधी झाड एकाच नावानं नांदू लागली. इंग्रजी बायबलात येशूच्या देहाला लावायला 'ॲलो' आणल्याचं वाचून कुणाला कोरफड आठवली, तर त्याचा दोष नाही. मराठी बायबलात मात्र तिथं 'अगरू' आहे. आपल्या भाषांतरकारांनी पुडी उघडून पाहिली होती, असं म्हणायचं! आपल्या देवघरातली अगरबत्तीही नावापुरती त्याच अगरूची.

हे सगळं दूर देशींचं वाटेल, पण त्या व्यापाराची एक वाट आपल्या शेजारून जाते. लातूरजवळचं, धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' हे समुद्रमार्गांचं पुस्तक लिहिलं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं नगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जातं, असं तो सांगतो. आणि त्याच पुस्तकात, अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काने बंदरातून धूप आणि 'ॲलोई' बाहेर जाते, अशी नोंद आहे. तगर आणि ॲलो, दोन्ही नावं एकाच वहीत!

प्रत्येक भाषेनं या झाडात वेगळं काही पाहिलं. संस्कृतानं तिचा तजेला पाहिला आणि तिला कुमारी, घृतकुमारी, गृहकन्या म्हटलं. कुमारी आसव त्यातूनच आलं. अरबीनं तिचा कडूपणा पाहिला. निजामाच्या राजवटीत, म्हणजे 1948 पूर्वी, आमचे वडील उर्दू शाळेत शिकले. ते काळ्या बोळाला हकिमांचा शब्द वापरत : मुसब्बर. त्याच्या मुळाशी अरबी 'सब्र' आहे. सब्र म्हणजे धीर, आणि त्याच अक्षरांतून कोरफडीच्या कडू रसाचंही नाव. आपण रोज म्हणतो ती 'सबुरी' याच घरातली. कडू गिळायला धीर लागतो, हे शब्दालाही ठाऊक असावं.

आणि 'व्हेरा' म्हणजे लॅटिनमध्ये 'खरी'. ज्या नावानं एवढा घोटाळा केला, त्याच्यापुढं 'खरी' असं लिहावं लागलं, याची मला गंमत वाटते.

नातीला मी पान कापून दाखवलं. सालीखालून पिवळा, कडू चीक ओघळला. आत पांढरा, पाण्यासारखा गर. चीक आटवला की काळा बोळ. गर आपण चेहऱ्याला लावतो. एका पानात दोन वस्तू, गुण निराळे. तिला म्हटलं, "ॲलोव्हेरा म्हण, कोरफड म्हण, काही बिघडत नाही. पण औषध म्हणून मागशील तेव्हा नाव पुरतं सांग. गर की चीक, काळा की हिरा."

अर्ध्या नावाची किंमत माझ्या बहिणीनं मोजली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)