वराहपिलांच्या आहारातील वनस्पतिज प्रतिऑक्सिडीकारके

दूध तुटलेल्या वराहपिलांच्या खाद्यात ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करण्यासाठी मिसळलेले वनस्पतिजन्य पूरक पदार्थ.

उगम : यूरोपीय संघाने वाढवर्धक प्रतिजैविके २००६ मध्ये आणि औषधी मात्रेतील झिंक ऑक्साइड २०२२ मध्ये बंद केले, त्यामुळे पर्यायांत वनस्पतिज अर्कांना महत्त्व आले.

वैशिष्ट्ये : आईपासून तोडल्यावर पिलू एक-दोन दिवस जेमतेम खाते, आतड्यातील रसांकुर आखूड होतात, हगवण लागते आणि रक्तातील ई-जीवनसत्त्व घटते; त्यामुळे ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. द्राक्षबी, हिरवा चहा, हळद (पहा : हळद) यांतील पॉलिफिनॉले मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात व पेशीतील संरक्षक एंझाइमांना चालना देतात. परिणाम मेदाच्या ऑक्सिडीकरणातून बनणाऱ्या मॅलॉनडायआल्डिहाइडच्या रक्तातील पातळीवरून जोखतात. पॉलिफिनॉले आतड्यात अल्प प्रमाणात शोषली जातात. ती ई-जीवनसत्त्वाची जागा घेत नाहीत. त्यांपैकी टॅनिने जास्त झाल्यास प्रथिने व लोह बांधले जाते. दूध पिणाऱ्या पिलाला रोज सुमारे ७ मिग्रॅ. लोह लागते, आईच्या दुधातून जेमतेम १ मिग्रॅ. मिळते, त्यामुळे ही बाब गौण नाही.

महत्त्व : गोव्यात फेणीसाठी काजूची बोंडे पिळल्यावर उरणारा चोथा डुकरांना घालतात (पहा : काजू, फेणी). त्यात टॅनिने व क-जीवनसत्त्व असते. ओला चोथा मात्र लवकर आंबतो, म्हणून तो वाळवून साठवतात. अगोंदा गोवन ही तेथील डुकरांची नोंदणीकृत जात. (पहा : वराहपालन).