तख्तावरचा डाग

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच गावात शनीच्या चौथऱ्यावर मात्र बाईला मज्जाव होता. नोव्हेंबर 2015 मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, तेव्हा शुद्धीकरण करण्यात आलं. पुढे आंदोलन झालं, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि 8 एप्रिल 2016 रोजी चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याचा निकाल आला, त्यामुळे शिंगणापूरकडे बोट दाखवून हसायची सोय आपल्याला उरलेली नाही. बाईने कुठवर यायचं, कुणाशेजारी उभं राहायचं, हाच दोन्हीकडचा वाद होता.

हाच प्रश्न चित्र काढणाऱ्यापुढेही असतो. त्याचं साडेचारशे वर्षांपूर्वीचं एक उदाहरण नगरच्याच दरबारातलं आहे.

1565 च्या सुमारास आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशाहच्या स्तुतीपर फारसी काव्य रचलं, ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. त्याची सचित्र प्रत आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या सुरुवातीच्या नमुन्यांत तिची गणना होते. मजकूर आणि चित्र यांच्या जोडीने गोष्ट पुढे नेणारी ही पोथी. आपल्या चित्रकथांची पणजी म्हटली तरी चालेल. तिच्यातली बारा चित्रं उरली आहेत. त्यांत सुलतान आहे, तालिकोटची लढाई आहे आणि सुलतानाच्या शेजारी, त्याच्याच तख्तावर, बेगम खुंजा हुमायून आहे. म्हणजे होती. बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर कुणीतरी रंग फासून पुसून टाकली. तख्तावर आता तिच्या आकाराचा डाग तेवढा दिसतो.

यावर एक तयार उत्तर नेहमी मिळतं: इस्लामला चित्र मंजूर नाही, म्हणून पुसलं असेल. पण मग शेजारी बसलेला सुलतान कसा राहिला? पडद्याचं कारण द्यावं, तर भोवतीच्या दासी शाबूत आहेत. पुसली ती फक्त राणी. अभ्यासकांचा एक कयास मला जास्त पटतो. हुसेनशाहच्या मृत्यूनंतर मुलगा मुर्तझा लहान होता, म्हणून खुंजा हुमायूननेच काही वर्षं कारभार हाकला. 1569 मध्ये मुर्तझाने आईला कैद करून सत्ता हाती घेतली. त्यानंतर तिचं तख्तावर बसणं कागदावरसुद्धा नको झालं असावं. आणि गंमत अशी, की आफताबीने तिच्या रूपाचं जे लांबलचक वर्णन केलंय, ते मजकुरात राहिलं. सौंदर्य चाललं, जागा चालली नाही.

तिची मुलगी चांदबीबी. विजापूरच्या अली आदिलशाहची बेगम, पुढे दोन्ही राज्यांत कारभार पाहणारी. 1595-96 मध्ये शहजादा मुरादच्या मुघल फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तटाला खिंडार पडलं, तेव्हा ती हातात तलवार घेऊन तिथे उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. वऱ्हाड देऊन तह झाला. 1600 मध्ये तिच्याच माणसांनी तिला ठार केलं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी दख्खनच्या चित्रकारांनी ती घोड्यावर, हातावर ससाणा, अशी शिकारीला निघालेली काढली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असं एक चित्र आहे. ती त्यात अंगभर कपड्यात आहे आणि ती काहीतरी *करते* आहे. एवढ्या दोन गोष्टी पुढच्या काळात किती दुर्मिळ झाल्या, ते पाहा.

छापखाना आला, कॅलेंडरं आली, 1967 पासून अनंत पैंची अमर चित्र कथा आली. तिच्यात चांदबीबीवर आणि रझिया सुलतानावरही अंक निघाले, हे श्रेय द्यायलाच हवं. पण एकूण चित्रकथांमध्ये नायिकेची कंबर आधी ठरते आणि तिचं काम नंतर. मराठीत याचं टोक म्हणजे मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ दिवाळी अंकाची खिडकी. पानाला कापून केलेल्या चौकोनातून बाईचं भलतंच काही दिसतंय असं वाटावं आणि पान उलटलं की साधाच प्रसंग निघावा. ज्ञानेश सोनारांसारख्या व्यंगचित्रकारांनी ही खिडकी घरोघर पोहोचवली. विनोद डोकावणाऱ्या वाचकावर आहे, असा तिचा बचाव होतो, आणि तो अगदीच खोटा नाही. तरी आमिष म्हणून बाईचंच शरीर लागतं. त्याच दशकांत शि. द. फडणीसांनी बाई-पुरुष दोघांना सारखंच गमतीदार काढलं: बाईच्या कपड्यांवर मांजरं, पुरुषाच्या शर्टावर उंदीर. एक शब्द नाही, एक चाळा नाही, आणि हसू तेवढंच येतं. तेव्हा ‘वाचकाला हेच हवं असतं’ हे मला मान्य नाही.

पाथर्डीच्या रस्त्याने नगरबाहेर पडलं की डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात, सहली नेतात. ती सलाबतखानाची कबर आहे. आईला कैद करणाऱ्या त्याच मुर्तझाचा तो वजीर.