'गुड'ला तीन गुण कुणी दिले?

आज गोष्ट एका शब्दयादीची.

मागे मी तुमच्या कमेंट्स निवडायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकीनं लिहिलं होतं, 'धिस एपिसोड किल्ड मी!' प्रोग्रॅमनं गुण दिले उणे तीन, आणि ती कमेंट महिनाभर तक्रारींमध्ये पडून राहिली. रोमन लिपीतल्या 'लय भारी'ला तर शून्य!

हे गुण देतंय कोण, म्हणून मी शोधत गेलो. यादीचं नाव 'अफिन'. २००९ मध्ये कोपनहेगनला संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरली. त्याबद्दलच्या ट्वीट्सचा सूर ओळखायला डेन्मार्कचे संशोधक फिन ओरुप निल्सन यांनी ती करायला घेतली. गुण उणे पाच ते अधिक पाच. 'गुड' तीन, 'बॅड' उणे तीन, 'सुपर्ब' पाच. २०११ पर्यंत यादी २४७७ शब्द आणि शब्दप्रयोगांवर गेली. गुण दिले एकट्या निल्सन यांनी, स्वतः बसून.

याआधी १९९९ मध्ये अमेरिकेत १०३४ शब्दांची 'अ‍ॅन्यू' यादी आली होती. पण तिच्यात इंटरनेटवरची बोली आणि शिव्या कुठून असणार? निल्सन यांनी त्या घेतल्या. शिवाय यादी फुकट आणि वापर सोपा: शब्द शोधा, बेरीज करा. त्यामुळे ती कितीतरी प्रोग्रॅममध्ये जाऊन बसली. माझ्याही.

यादीचा दोष नाही हो. एका माणसानं इंग्रजी ट्वीट्ससाठी दिलेले गुण मी डोळे झाकून आपल्या माणसांना लावले. आता कमेंट्स मी स्वतः वाचतो. तिलाही उत्तर दिलंय, उशिरा का होईना.

भेटू पुढच्या भागात!