सटीची रात्र

आमच्या गोव्यात बाळ जन्मले की सहाव्या रात्री सटी जागवतात. पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवायची, समई विझू द्यायची नाही. त्या रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते, ही श्रद्धा. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने जो हुकूमनामा काढला त्यात ख्रिस्ती झालेल्यांना या जागरणाचीही मनाई होती. धर्म बदलला तरी बायकांनी सटी सोडली नव्हती, हे त्या मनाईवरूनच कळते.

का सोडवत नसेल? अस्वच्छ पात्याने नाळ कापली की तान्ह्याला धनुर्वात होई. जन्मानंतर आठवडाभराच्या सुमारास मूल दूध ओढेनासे होई, जबडा आवळे. सहावी रात्र ऐन त्या दिवसांतली! जंतू कोणाला ठाऊक नव्हते, पण भीतीचा दिवस आयांना ठाऊक होता.

बाळंतिणीला मात्र वयजीण, म्हणजे सुईण, सांभाळून घेई. खोबरेल चोळून कढत पाण्याने न्हाण, पोट बांधणे, धुरी. खायला मेथीची पेज नि आळीव. १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा निघाली, तरी खेड्यातली बाळंतपणे पुढेही कित्येक वर्षे वयजिणीच्याच हातून झाली.

गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ साली भारतात या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. सटी आजही जरूर जागवावी. फक्त त्या रात्री बाळ दूध घेईना, तर सटवाईची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.