भाग: पोस्टाने आलेली इंग्रजी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. नेहमीसारखाच, बोललो तसा, थोडा नीटनेटका करून.

मी करंजाडेत राहतो. सकाळी पनवेल स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षात बसलो की शेजारच्याच्या मोबाईलमधून हमखास काहीतरी परदेशी ऐकू येतं. कुणी जर्मन शिकतंय, कुणी जपानी. गाढी नदीच्या या बाजूला सगळ्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी आहेत: शेजारी झालेला विमानतळ आणि परदेशातली नोकरी. त्यात फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि जर्मन शिकण्याला जोरच आला.

मीही शिकत होतो. एका ॲपवर सलग दोनशे बारा दिवस, एकही दिवस न चुकवता. मग एकदा खऱ्या जर्मन माणसाशी फोनवर बोलायची वेळ आली आणि माझ्या तोंडून 'नमस्कार' आणि 'माफ करा' यापलीकडे काही निघेना. दोनशे बारा दिवस मी कुणाशी बोलत होतो? एका हिरव्या बरोबरच्या खुणेशी!

तेव्हा प्रश्न पडला. ॲप नव्हतं, क्लास नव्हता, तेव्हा आपल्याकडची साधी माणसं परक्या भाषेचा सराव कसा करायची? उत्तर शोधता शोधता मी एका पोस्टातल्या कारकुनाच्या घरात पोचलो.

त्याचं नाव गोपाळराव जोशी. त्याची बायको म्हणजे आपल्या सगळ्यांना माहीत असलेली आनंदीबाई जोशी. जन्म 31 मार्च 1865, माहेरचं नाव यमुना, गाव कल्याण. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा वीसेक वर्षांनी मोठा. गोपाळरावांची बदली अलिबागला झाली, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. पुढे कोल्हापूर, मुंबई, मग थेट बंगाल. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही, ही गोष्ट तिच्यासाठी तिथून पुस्तकातली राहिली नाही.

डॉक्टर व्हायचं तर इंग्रजी हवी. आता बघा, तिच्याकडे काय होतं? नवऱ्याने घरी घेतलेला अभ्यास, मधूनमधून मिशनची शाळा, आणि रस्त्याने पुस्तकं घेऊन जाताना होणारी टिंगल. इंग्रजीत मनातलं बोलावं असं माणूस आसपास नव्हतं.

ते माणूस पोस्टाने आलं. त्याची गोष्ट मजेदार आहे. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मिळेल का, असं विचारणारं पत्र रॉयल वाइल्डर यांना लिहिलं. हे पूर्वी कोल्हापुरात राहिलेले मिशनरी, आता अमेरिकेत मासिक चालवत होते. त्यांचा रोख धर्मांतराकडे होता, आणि ते जोशांना मान्य नव्हतं. म्हणजे काम झालं नाही. पण वाइल्डरनी तो पत्रव्यवहार मासिकात छापला. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी चाळला आणि सरळ पत्र लिहिलं.

मग सुरू झाली पत्रं. आनंदी त्यांना मावशी म्हणायची. पत्रात काय नव्हतं? सण, देवधर्म, घर, तब्येत, बालविवाह. आनंदीची प्रकृती सारखी बिघडायची, तर मावशी अमेरिकेतून औषधं पाठवायच्या.

आता भाषा शिकणाऱ्याच्या नजरेने हे बघा. पत्र बोटीने जायचं, उत्तर यायला आठवडेच्या आठवडे. चूक झाली तर लाल रेघ नाही, गुण नाहीत. पण समोर एक जिवंत बाई होती. तिला खरोखर कळायला हवं होतं की हिंदू घरात काय चालतं, आणि आनंदीला ते खरोखर सांगायचं होतं. शब्द अडला तर शोधावाच लागणार, कारण तिकडे कुणीतरी वाट बघतंय. खर्च? कागद, शाई, तिकीट. पोस्टातल्या कारकुनाला परवडेल एवढाच.

आणि परीक्षा कुठे झाली? 24 फेब्रुवारी 1883 रोजी, बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात. अठरा वर्षंही पूर्ण न झालेली ही मुलगी भरल्या सभेत उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जातोय, हिंदुस्थानात हिंदू बाई डॉक्टर का हव्यात, हे तिने इंग्रजीत सांगितलं. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि 4 जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. न्यायला आल्या होत्या मावशी! तीन वर्षं नुसत्या अक्षरांतून ओळखत असलेली माणसं समोरासमोर आली. 11 मार्च 1886 रोजी पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून ती डॉक्टर झाली.

इथे थांबलो तर ही गोड गोष्ट होईल. पण ती तेवढी गोड नाही. गोपाळराव अभ्यासासाठी तिला मारायचे. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात तिने त्यांना या मारहाणीचा जाब विचारला. आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीसही पूर्ण व्हायच्या आत, ती पुण्यात गेली. दवाखाना चालवायची संधी मिळालीच नाही. म्हणून 'स्वस्तात शिकली' असं म्हणताना माझी जीभ अडखळते. पैसे कमी लागले, किंमत कमी नव्हती.

दुसरी गोष्ट गोव्याची. धर्मानंद कोसंबी, जन्म 1876, गाव सांखवाळ. फारसं शालेय शिक्षण नाही. बुद्धाबद्दल मराठीत वाचलं आणि मूळ ग्रंथ वाचायची ओढ लागली. 1899 मध्ये घर सोडलं. पुण्यात आणि मग काशीत संस्कृत शिकले, काशीत जेवण अन्नछत्रात. तिथून नेपाळ, मग सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात भिक्षूंबरोबर राहून पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही गेले. ज्यांना ती भाषा रोज लागते त्यांच्यातच जाऊन राहायचं, हाच त्यांचा क्लास. 1910 मध्ये हा माणूस पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डला पोचला. पण घरी बायको आणि तान्ही मुलगी मागे राहिली होती, हेही विसरायचं नाही.

गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी आपल्यापर्यंत नीट पोचवणारी व्यक्ती एकच: धर्मानंदांची नात, अभ्यासक मीरा कोसंबी. त्यांनी आजोबांचं आत्मचरित्र इंग्रजीत नेलं आणि आनंदीबाईंवर पत्रांच्या आधारे सविस्तर लिहिलं.

आणि आजचं उदाहरण? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावची जिल्हा परिषद शाळा. कोणती परदेशी भाषा शिकायची, असं मुलांना विचारलं तर बहुतेकांनी जपानी निवडली, कारण काय तर रोबोट! लॉकडाऊनच्या काळात एका जाणकाराने त्यांना ऑनलाइन, फुकट शिकवलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना शिकलेल्या मुलांनी शिकवलं.

या तिन्ही गोष्टींत मला एकच धागा दिसतो. भाषेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं: मावशी, भिक्षू, वर्गातला मित्र. ॲप वाईट नाही. डॉयचे वेलेचे फुकट धडे तर मी आजही ऐकतो. पण धडा म्हणजे रियाज, आणि रियाज कधीतरी कुणाला तरी ऐकवावा लागतो.

म्हणून मी काय बदललं, ते सांगतो. सलग दिवस मोजणं बंद केलं. आमच्याच सेक्टरमधली एक नर्स जर्मनीच्या तयारीत आहे. दर रविवारी मी तिला जर्मनमध्ये एक पत्र लिहितो, ती उत्तर लिहिते. पहिल्या पत्रात मला लिहायचं होतं की आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. 'दिवसाआड'ला जर्मन शब्द शोधण्यात अर्धा तास गेला. पण तो शब्द आता मी विसरणार नाही.

तुमची मावशी कोण? आज रात्री शोधा, आणि पहिल्या चार ओळी लिहून टाका. चुका होतील, होऊ देत. पुढच्या भागात भेटू.