दम आणि घड्याळ

धानाचे पुंजणे मोडून मळणी उरकली, भाऊबिजेपासून गावोगावच्या मंडया भरू लागल्या आणि वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्यांचे फलक चौकाचौकांत झळकू लागले, की वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या झाडीपट्टीत खेळांचाही हंगाम सुरू होतो. कुठे शंकरपटासाठी बैलजोड्यांची निगा वाढते, तर कुठे गावालगतची कापणी झालेली बांधी सपाट करून तिच्यावर चुन्याच्या रेघा ओढल्या जातात आणि रात्ररात्र चालणाऱ्या कबड्डीच्या सामन्यांसाठी पंचक्रोशीतील चमू आपली नावे नोंदवितात. या खेळाच्या शौर्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत; परंतु त्यात काळ कसा मोजला गेला, आघाडीवर असलेल्या पक्षाला तो काळ व्यर्थ घालविण्याचा मोह केव्हापासून होऊ लागला आणि त्या मोहाला आवर कोणी घातला, हा इतिहास सहसा सांगितला जात नाही. आज मोबाइलच्या पडद्यावर फुटबॉल खेळणाऱ्या तरुणांपुढे नेमका हाच प्रश्न उभा असल्यामुळे तो सांगणे मला अगत्याचे वाटते.

चांदा जिल्हा, ज्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले आणि ज्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला, तो इंग्रजी अमलाखाली आला १८५४ साली, नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर. त्या काळी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे येथील रयतेचा दिवस सूर्याच्या कलाने आणि गुरांच्या येण्याजाण्याने मोजला जाई. लग्नाच्या मुहूर्तासारखा प्रसंग असला तरच घटिकापात्राची आठवण होई. पाण्यावर सोडलेले ते सच्छिद्र तांब्याचे पात्र भरून बुडाले, की २४ मिनिटांची एक घटका सरली. मिनिटांचा आणि सेकंदांचा अंमल या मुलखात शिरला तो पश्चिमेकडून, कोळशाच्या मागोमाग. १८७० नंतरच्या दशकात वरोऱ्याची खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला आणि आगगाडीबरोबर वेळापत्रक आले. पुढे बल्लारपूरच्या खाणी आणि कागद कारखाना यांच्या भोंग्यांनी माणसांचे दिवस पाळ्यांत वाटून टाकले. पूर्वेकडील अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या अरण्यात मात्र घड्याळाची सत्ता फार उशिरा आणि फार सावकाश पोहोचली.

या घड्याळपूर्व काळाशी सुसंगत असा कबड्डीचा एक जुना प्रकार होता, त्याचे नाव गामिनी. त्यात बाद झालेला गडी आपला सारा पक्ष बाद होईपर्यंत बाहेरच बसे. सर्व गडी मेले म्हणजे लोण चढे, आणि पाच किंवा सात लोण आधी चढवील तो पक्ष विजयी ठरे. मिनिटांची मर्यादा त्याला नव्हती. काळाचे एकच माप मैदानात असे, आणि ते म्हणजे चढाई करणाऱ्याचा दम. मध्यरेषा ओलांडताना त्याने जो उच्चार सुरू केला तो एका श्वासात अखंड चालला पाहिजे, आणि तो तुटण्यापूर्वी त्याने आपल्या अंगणात परतले पाहिजे, एवढाच निर्बंध. या व्यवस्थेत वेळकाढूपणाला जागाच नव्हती; कारण जो वेळ काढील त्याचा स्वतःचाच दम खर्च होई, आणि आघाडीवरच्या पक्षाने कितीही कालहरण केले तरी ठरलेले लोण चढविल्याशिवाय सामना संपत नसल्यामुळे त्यातून त्याच्या पदरात काहीच पडत नसे.

विसाव्या शतकात खेळाला नियमबद्ध रूप येऊ लागले. १९२३ साली बडोद्यास हिंदविजय जिमखान्याच्या विद्यमाने स्पर्धा भरली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९५२ साली मद्रासेस पहिली राष्ट्रीय स्पर्धा पार पडली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी आपली हयात या खेळाच्या संघटनेत वेचली. या वाटचालीत गामिनी मागे पडली आणि संजीवनी पद्धत रूढ झाली. तीत प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक गडी जिवंत होतो, आणि सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती घेऊन, खेळला जातो. बदल आवश्यकच होता, कारण अनेक चमू, मोजकी मैदाने आणि परतीच्या गाडीची वेळ यांचा मेळ लोणांच्या हिशेबावर बसणे शक्य नव्हते. मात्र ज्या दिवशी घड्याळाचा काटा निकाल देऊ लागला, त्याच दिवशी त्या काट्याला आपला साथीदार करून घेण्याची बुद्धीही जन्माला आली.

ती बुद्धी कशी काम करते हे पाहावयाचे असेल, तर ग्रामीण सामन्याची शेवटची तीन मिनिटे पाहावीत. दोन गुणांनी पुढे असलेल्या पक्षाचा गडी चढाईला निघण्यापूर्वी हाताला माती चोळतो, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो, पंचांना गुणफलक विचारतो. मग दम घालीत तो मध्यरेषा ओलांडतो, निदान रेषेपलीकडे जेमतेम पाऊल टाकतो आणि मागे सरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात येरझारा घालू लागतो. कोणाला शिवण्याचा त्याचा उद्देश नसतो आणि पकडले जाण्याचीही त्याची तयारी नसते. समोरचे सात गडी साखळी धरून पुढे सरकतात तेव्हा तो अलगद मध्यरेषेवर येऊन पोहोचलेला असतो. यात त्याने कोणताही नियम मोडलेला नाही, आणि म्हणूनच हा दोष लबाडीहून अधिक बिकट आहे. लबाडीला पंच शिक्षा देऊ शकतो. येथे त्याच्या हातात शिट्टी असूनही ती फुंकण्यास कारण सापडत नाही.

नियमकर्त्यांनी या वाटा एकेक करून बुजविण्याची तजवीज केली. चढाईपटूने मध्यरेषेपासून पुरुषांच्या मैदानात ३.७५ मीटरवर असलेली निदान रेषा एकदा तरी ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. एका पक्षाची चढाई संपताच दुसऱ्याने पाच सेकंदांच्या आत आपला गडी पाठविला पाहिजे. आणि दमाच्या जोडीला आता चढाईस ३० सेकंदांची मुदत असते. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे सक्तीचे झाले. तो न मिळाल्यास चढाईपटू बाद. या प्रत्येक कलमामागे कोणाच्या तरी कालहरणाचा दाखला उभा आहे. परंतु याच नियमावलीत एक कलम असेही आहे, की सामन्याची वेळ संपली तरी चालू असलेली अखेरची चढाई पूर्ण होऊ द्यावी. घड्याळाला सर्वाधिकार देऊनही या खेळाने शेवटचा शब्द दमाकडे राखून ठेवला, ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या इतिहासातील अत्यंत उदात्त गोष्ट वाटते.

असाच प्रवास इतर देशांतील खेळांनीही केला. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत फोर्ट वेन आणि मिनीआपोलिस या संघांमधील बास्केटबॉलचा सामना एका संघाने चेंडू नुसता हातात धरून ठेवल्यामुळे १९-१८ अशा गुणसंख्येवर संपला, आणि असल्या सामन्यांना प्रेक्षक विटल्यावर १९५४ साली २४ सेकंदांत चेंडू टाकण्याचा नियम आला. ज्या १९८२ साली गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला आणि दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले, त्याच वर्षीच्या जून महिन्यात स्पेनमधील हिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया हे फुटबॉल संघ एक गोल झाल्यावर उर्वरित सामनाभर चेंडू इकडून तिकडे ढकलीत राहिले; तेवढ्या फरकाने दोघेही पुढच्या फेरीत जात होते आणि अल्जीरिया बाहेर पडत होता. त्यानंतर गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळविण्याची प्रथा पडली. पुढे १९९२ साली सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळण्यास बंदी झाली. प्रत्येक वेळी क्रम एकच : प्रथम मोह, मग लोकांचा संताप, आणि सर्वांच्या मागून नियम.

मोह आणि नियम यांच्या दरम्यानच्या दीर्घ काळात खेळाची अब्रू राखली ती अलिखित संकेतांनी. त्यांचे स्वरूप या जिल्ह्यांतील माणसाला निस्ताराच्या उदाहरणाने चटकन उमजेल. मालगुजारीच्या काळात गावाच्या जंगलातून घरापुरते सरपण, नांगरापुरते लाकूड, कुडापुरता बांबू आणण्याचा रयतेचा हक्क निस्तार म्हणून मानला जाई, आणि गावाचे असले रिवाज बंदोबस्ताच्या वेळी वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात नमूद होत. गरजेपुरते प्रत्येकाने घ्यावे, परंतु जंगल कोणी एकट्याने अडवू नये, हे त्याचे मर्म. २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने वनहक्क कायद्यान्वये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, तो याच मर्माच्या बळावर. सामन्यातील वेळही अशीच दोन्ही पक्षांची सामाईक मिळकत आहे. पुढे असलेल्या गड्याने दम घ्यावा, डाव रचावा, सावध चढाई करावी. हा त्याचा निस्तार झाला. पण प्रतिपक्षाच्या वाट्याची मिनिटे कोंडून ठेवणे म्हणजे सामाईक रानाला स्वतःचे कुंपण घालणे होय.

ग्रामीण मैदानात या कुंपणाला विरोध करणारे पुष्कळ असत. प्रेक्षक मैदानाच्या रेघेला चिकटून बसलेले. पंच बहुधा शाळेचे गुरुजी किंवा जुने खेळाडू. आणि प्रतिपक्ष शेजारच्याच गावचा, ज्याच्याशी सोयरीक व्हावयाची, ज्याच्याबरोबर आठवडी बाजारात पुन्हा गाठ पडावयाची. स्पर्श झाला हे पंचांना दिसले नाही तरी ज्याला स्पर्श झाला तो गडी हात वर करून आपणच बाहेर जातो, ही कबड्डीतील सुंदर रीत याच वातावरणात पोसली गेली. अलीकडे गडचिरोली पोलीस दलाने १८५८ साली चांद्याच्या कारागृहात फाशी गेलेल्या वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डीच्या स्पर्धा भरविल्या, तेव्हा दूरदूरच्या गावांतील तरुण एका मैदानावर आले. अशा मेळ्यांचे मोल चषकाहून मोठे आहे, कारण तेथे प्रतिस्पर्ध्याला चेहरा असतो.

हा चेहराच नव्या खेळात नाहीसा झाला आहे. चंद्रपूर-बल्लारपूरच्या वसाहतींत तर केव्हाच, आणि आता मोबाइलचे मनोरे उभे राहतील तसतसे भामरागडच्या बाजूलाही, आंतरजालावरील फुटबॉलचे खेळ पोहोचत आहेत. त्यांत नव्वद मिनिटांचा सामना सुमारे बारा मिनिटांत आटोपतो, म्हणून तेथील एकेक सेकंद अधिकच मोलाचा. एका गोलने पुढे गेलेला खेळाडू चेंडू आपल्या बचावफळीत फिरवीत ठेवतो, कोपऱ्यातील निशाणापाशी नेऊन अडवून धरतो, गोलची पुनर्दृश्ये पूर्ण चालू देतो, वारंवार थांबा घेतो. खेळ तयार करणाऱ्यांनी थांब्यांवर मर्यादा घालून पाहिल्या. पण जेथे प्रतिपक्ष एक टोपणनाव असते, प्रेक्षक नसतात आणि पुन्हा भेट होण्याचा संभव नसतो, तेथे नियमाच्या अलीकडचा सारा प्रदेश निर्जन राहतो. त्या खेळाडूंना दोष देऊन भागणार नाही, कारण ज्या अदबीने त्यांच्या आजोबांना आवरले ती अदब त्यांना कोणी दाखविलेलीच नाही.

ती दाखविण्याचे साधन मात्र आपल्या हाताशी आहे. मंडईच्या दिवसांत भरणाऱ्या प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकांनी विजेत्याच्या बक्षिसाबरोबरच, आघाडीवर असूनही शेवटपर्यंत मनमोकळा खेळ करणाऱ्या चमूचा भर सभेत गौरव करावा. तालुक्यातालुक्यांतील जुन्या खेळाडूंकडून त्यांच्या काळचे संकेत विचारून घेऊन शाळांनी ते लिहून ठेवावेत, म्हणजे जंगलाच्या रिवाजांसारखे खेळाच्या रिवाजांचेही एक वाजिब-उल-अर्ज सिद्ध होईल. मग ज्या मुलाने सकाळी मैदानावर हात वर करून बाहेर जाणे शिकून घेतले, त्याला संध्याकाळी पडद्यावर उरलेली दोन मिनिटे समोरच्या अनोळखी खेळाडूचीही आहेत, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.