टायरवरचे केस

काकांनी बजाज चेतक स्कूटरची नोंदणी केली तेव्हा माझी चुलतबहीण रांगत होती. १९८२ साली गाडी दारात आली तेव्हा ती तिसरीत होती. स्कूटरच्या विक्रीवर १९६० पासून सरकारी नियंत्रण, त्यामुळे आकुर्डीच्या कारखान्यातून येईल ती गाडी आणि येईल तो रंग. मागच्या मडगार्डावर वीतभर चरा होता. काकूनं तो बोटानं चाचपला, "असू दे" म्हणाली आणि त्याच्यावरच कुंकवाचं स्वस्तिक काढलं. परत करायची तर कुणाला? रांगेतला पुढचा टपलेलाच होता, आणि दारातच वर पैसे मोजून गाडी उचलणारेही होते.

नवी गाडी तपासून घ्यायची ही रीत आमच्याकडे आली ती १९८४-८६ नंतर. इंड-सुझुकी, सीडी १००, आरएक्स १००, कावासाकी बजाज अशा जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या लागोपाठ आल्या आणि गिऱ्हाइकाला पहिल्यांदा "दुसरी दाखवा" म्हणायची सोय झाली. मग माझ्या गॅरेजला निरोप यायला लागले, "मिस्त्री, उद्या गाडी काढायचीय, दहाला शोरूमला या."

ही नजर मला जुन्या गाड्या घेता-देता आली होती. कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. ते मधल्या पट्टीवरून गेले असतील तर गाडी कुणीतरी फिरवलेली, मग मीटर काहीही सांगो. सायलेन्सरचा बाक निळसर पडलाय का, टाकीत बॅटरी मारली तर तळाला तांबूस दिसतंय का. स्पोकवर स्क्रूड्रायव्हर फिरवायचा. घट्ट स्पोक खणखणतो, ढिला भद्द वाजतो. एकदा मी तीन भद्द स्पोक वाजवून दाखवले. सेल्समन म्हणाला, पहिल्या सर्व्हिसिंगला होईल. मी म्हटलं, आत्ताच होईल. झाले.

आणि चासी नंबर. आरटीओच्या २० नंबरच्या फॉर्मसाठी त्याची छाप घ्यायचं काम शोरूमच्या पोराचं, पण मी ती मालकालाही घ्यायला लावायचो. पातळ कागद, पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. आकडे एकेक करून वर येतात. ते विक्री-दाखल्याशी ताडून बघायचे. चकचकीत टाकीवरून हात फिरवणारा माणूस हँडलखालच्या ज्या काळ्या नळीवर हा नंबर असतो तिच्याकडे बघतच नाही.

२९ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टानं १ एप्रिलपासून जुन्या प्रदूषण-निकषाच्या, बीएस-३ गाड्यांची विक्री बंद केली. वितरकांनी भाव पाडले आणि शोरूमबाहेर रस्त्यापर्यंत रांग लागली. एकतीसला शेजारचा पोरगा मला ओढतच घेऊन गेला. मी सवयीनं टायरपाशी वाकलो. "मिस्त्री, ते राहू द्या, मागचा घेऊन जाईल!" रंग? "मिळेल तो."

एकतीसपर्यंत विकल्याचा पुरावा असेल तरच पुढे पासिंग होणार होतं. चष्मा लावून मी फक्त बिलावरची तारीख तपासली.